काढून टाकलेल्या मॅनेजरच्या नावे काय जमा करायचे? फुटबॉल क्लबांच्या संचालक मंडळांना खुले पत्र

प्रति,
फुटबॉल क्लबांचे मालक, अध्यक्ष आणि संचालक मंडळांचे सर्व सदस्य

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

मॅनेजरला, म्हणजे संघ निवडणाऱ्या आणि घडवणाऱ्या मुख्य प्रशिक्षकाला, काढल्यावर क्लब जे निवेदन प्रसिद्ध करतो, त्याचा मजकूर आता मला जवळजवळ पाठ झाला आहे. केलेल्या कामाबद्दल आभार, पुढील वाटचालीस शुभेच्छा, नव्या नेमणुकीची घोषणा यथावकाश. काम नेमके कोणते केले, हे मात्र त्यात नसते. मग सहा महिन्यांनी किंवा वर्षभराने तोच संघ सावरतो, कधी चषकही उंचावतो, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर निरोपाच्या दिवशी सहज देता आले असते त्यावर भांडण जुंपते : या यशात गेलेल्या माणसाचा वाटा किती? एक बाजू म्हणते, सगळी मेहनत त्याची, नवा आला तो आयत्या बिळावर नागोबा. दुसरी बाजू म्हणते, तो गेला म्हणूनच हे घडले. दोघांच्या हाती पुरावा एकच असतो, तो म्हणजे शेवटचा निकाल, आणि त्यातून ज्याला जे हवे ते काढता येते.

माझे म्हणणे असे आहे की बडतर्फ मॅनेजरला पुढच्या यशाचे श्रेय जरूर द्यावे, पण तो गेला त्या दिवशी क्लबमध्ये जे हजर होते आणि जे त्याच्यामुळे होते, तेवढ्याचेच. आणि ते काय होते याची नोंद त्याच दिवशी व्हावी, कारण निकाल लागल्यानंतर ती निखळपणे करणे कोणालाच जमत नाही. अशी नोंद करणे केवळ आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

इंग्लंडच्या लेस्टर सिटी क्लबपासून सुरुवात करतो, कारण हा वाद इतका टोकाला गेल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. 2014-15 च्या मोसमात 29 सामने संपले तेव्हा लेस्टरचे 19 गुण होते आणि संघ प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च स्पर्धेच्या, तळाशी होता. उरलेल्या 9 सामन्यांपैकी 7 त्यांनी जिंकले आणि 41 गुणांसह 14 वे स्थान मिळवले. मॅनेजर होते नायजेल पिअरसन. मोसम संपून सहा आठवडेही उलटले नव्हते, तोच 30 जून 2015 रोजी त्यांना काढण्यात आले. क्लब आणि मॅनेजर यांच्या दृष्टिकोनांत मूलभूत फरक असल्याचे कारण देण्यात आले. जुलैमध्ये क्लॉडिओ रानिएरी आले आणि पुढच्या मे महिन्यात लेस्टर 81 गुण मिळवून, दुसऱ्या क्रमांकावरच्या आर्सेनलपेक्षा 10 गुणांनी पुढे राहून, इंग्लंडचा विजेता झाला. मोसम सुरू होताना सट्टेबाजांनी या शक्यतेला 5000 ला 1 असा भाव दिला होता.

त्या दिवसांत मीही सगळे श्रेय रानिएरी यांना देऊन मोकळा झालो होतो. पुढे एकदा विजेत्या संघाची यादी समोर ठेवून प्रत्येक नावापुढे तो खेळाडू क्लबमध्ये आल्याची तारीख लिहून पाहिली. वेस मॉर्गन आणि डॅनी ड्रिंकवॉटर, जानेवारी 2012. जेमी वार्डी, 2012 चा उन्हाळा, इंग्लिश फुटबॉलच्या पाचव्या स्तरावरची स्पर्धा जिंकलेल्या फ्लीटवूड टाउनकडून. रियाद महरेझ, जानेवारी 2014, फ्रान्सच्या ल हाव्र क्लबकडून. मार्क ऑलब्राइटन आणि डॅनी सिम्प्सन, 2014. रॉबर्ट हूथ जानेवारी 2015 मध्ये आधी लोनवर (दुसऱ्या क्लबकडून उसना) आला आणि जूनमध्ये कायमचा झाला. ख्रिस्तियन फुक्स आणि शिंजी ओकाझाकी यांचे व्यवहारही त्याच जूनमध्ये, पिअरसन पदावर असतानाच ठरले. नेहमीच्या अकरा जणांपैकी नऊ जण पिअरसन यांच्या क्लबमधल्या दुसऱ्या कारकिर्दीत आलेले निघाले. दहावा गोलरक्षक कॅस्पर श्मायकल, तो त्यांच्याही आधी स्वेन-गोरान एरिक्सन यांच्या वेळी आला होता, आणि त्या एरिक्सन यांनाही क्लबने 2011 मध्ये निरोप दिला होता. फक्त एन्गोलो कान्ते ऑगस्ट 2015 मध्ये आला. त्याच्यासाठी आग्रह धरणारे स्टीव्ह वॉल्श हे पिअरसन यांचे जुने सहकारी. सहायक प्रशिक्षक क्रेग शेक्सपिअर हेही त्यांच्याच वेळचे, आणि क्लबने या दोघांना कायम ठेवले होते.

ही यादी वाचून रानिएरी यांनी काहीच केले नाही असे कोणी म्हणेल, तर तो दुसरा अन्याय होईल. पिअरसन यांनी मोसमाच्या शेवटी तीन बचावपटूंची रचना वापरली होती. रानिएरी यांनी चौघांची फळी आणि 4-4-2 (चार बचावात, चार मधल्या फळीत, दोन आक्रमणात) अशी साधी मांडणी पसंत केली. लीगमधल्या पहिल्या 9 सामन्यांत लेस्टरने प्रत्येक वेळी गोल खाल्ला. त्याच काळात त्यांनी दोन्ही बाजूंचे फुल-बॅक (कडेचे बचावपटू) बदलून फुक्स आणि सिम्प्सन यांना आणले, गोल न खाल्ल्यास सर्वांना पिझ्झा खिलवण्याचे आश्वासन दिले, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस क्रिस्टल पॅलेसविरुद्ध 1-0 असा विजय मिळाला. वसंतात, विजेतेपद दृष्टिपथात आल्यावर, हाच संघ एकापाठोपाठ एक सामने 1-0 ने जिंकू लागला. ती बचावफळी उभी केली रानिएरी यांनी, आणि तिच्यातले चारही खेळाडू होते पिअरसन यांच्या काळातले. शिवाय नव्या माणसाला आपला ठसा उमटवण्याची घाई असते. चालत्या गाड्याला खीळ न घालण्याचा संयम रानिएरी यांनी दाखवला, आणि मला वाटते की मॅनेजरच्या कामातले हे सर्वांत दुर्मीळ कसब आहे.

पिअरसन राहिले असते तर लेस्टर जिंकले असते का, हा प्रश्न मी मुद्दामच बाजूला ठेवतो. त्याचे उत्तर मिळणे शक्य नाही, आणि श्रेयासाठी त्याची गरजही नाही. कोणी काय आणले आणि कोणी त्याचे काय केले, एवढे पाहिले तरी दोघांच्या नावे भरपूर जमा होते.

दोन मॅनेजरांचे काम कधी कधी एकाच क्षणात असे मिसळते की ते वेगळे करू नये असे वाटते. 3 मे 1998, आर्सेनलचे तेव्हाचे मैदान हायबरी. एव्हर्टनविरुद्ध आर्सेनल 3-0 ने पुढे आहे, लीगचे विजेतेपद हातात आले आहे आणि सामना संपत आला आहे. बदली खेळाडू म्हणून आलेला स्टीव्ह बोल्ड एव्हर्टनच्या बचावफळीच्या डोक्यावरून चेंडू अलगद उचलून टाकतो. टोनी ॲडम्स धावत जाऊन तो छातीवर घेतो, एक टप्पा पडू देतो आणि डाव्या पायाने जाळ्यात धाडतो. पास देणारा मधल्या बचावातला, गोल करणाराही मधल्या बचावातलाच. बोल्डला 1988 मध्ये आणले होते जॉर्ज ग्रॅहम यांनी, आणि ॲडम्सला त्याच वर्षी, वयाच्या 21 व्या वर्षी, कर्णधार केले होते तेही त्यांनीच. ग्रॅहम यांची ही बचावफळी अशी होती की 1990-91 मध्ये आर्सेनलने 38 सामन्यांत अवघे 18 गोल खाल्ले. फेब्रुवारी 1995 मध्ये एजंटकडून पैसे घेतल्याच्या प्रकरणावरून ग्रॅहम यांची हकालपट्टी झाली, आणि ती योग्यच होती. पण त्यांच्या संघात बोल्डने असा पास द्यावा आणि ॲडम्सने तो घ्यायला पुढे धावावे, हे सहसा घडले नसते. 1996 मध्ये आलेल्या आर्सेन वेंगर यांनी या तिशीच्या घरातल्या बचावपटूंचा आहार बदलला, सराव बदलला, त्यांच्या पायांना आयुष्य दिले आणि चेंडू खेळवण्याची मुभा दिली. त्या एका गोलात भिंत ग्रॅहम यांची आहे आणि खिडकी वेंगर यांची. (मधे एक वर्ष मॅनेजर असलेल्या ब्रूस रिऑक यांची आठवण कोणी काढत नाही, पण डेनिस बर्गकाम्प त्यांच्याच वेळी क्लबमध्ये आला, आणि त्या विजयी मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.)

या उदाहरणातून आपल्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट निघते. हकालपट्टी योग्य असणे आणि गेलेल्या माणसाचे श्रेय खरे असणे, या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. आपल्यापैकी अनेकांना असे वाटत असावे की माजी मॅनेजरचे काम मान्य केले तर त्याला काढण्याचा आपला निर्णय चुकला अशी कबुली दिल्यासारखे होईल. तसे मुळीच नाही. चेल्सीच्या संचालकांनी 25 जानेवारी 2021 रोजी फ्रँक लॅम्पार्ड यांना काढले तेव्हा संघ 9 व्या स्थानी होता. चार महिन्यांनी, 29 मे रोजी, पोर्तोमध्ये मँचेस्टर सिटीला 1-0 ने हरवून थॉमस टुखेल यांच्या हाताखाली त्याच संघाने चॅम्पियन्स लीग जिंकली. तो निर्णय बरोबर होता, याबद्दल मला तरी शंका नाही. तरीही 42 व्या मिनिटाचा तो गोल पुन्हा पाहा. गोलरक्षक एदुआर मेंडीकडून चेंडू डावीकडे बेन चिलवेलकडे जातो, चिलवेल तो मेसन माऊंटला देतो, टिमो वेर्नर धाव घेऊन बचावपटूला आपल्याबरोबर ओढून नेतो, आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेतून माऊंटचा पास काय हावर्ट्झपर्यंत पोहोचतो. माऊंट हा अकादमीचा मुलगा. प्रीमियर लीगमध्ये त्याला पहिली संधी दिली लॅम्पार्ड यांनी. बाकीचे चौघे 2020 च्या उन्हाळ्यात, लॅम्पार्ड मॅनेजर असताना आले.

मात्र इथे दोन सावधगिरीच्या नोंदी कराव्या लागतात. पहिली अशी की 'त्याच्या काळात आला' आणि 'त्याच्यामुळे आला' यांत फरक आहे. मोठ्या क्लबांत खरेदी अनेकांच्या सहमतीने होते. मेंडीला आणण्यात क्लबचे तेव्हाचे तांत्रिक सल्लागार पेत्र चेक यांचा मोठा हात होता, कारण त्याला हेरणाऱ्यांत ते पुढे होते. म्हणून माझ्या हिशेबात लॅम्पार्ड यांच्या नावे मेंडीपेक्षा माऊंट अधिक ठळकपणे जमा होतो, कारण नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी असलेल्या 2019-20 च्या मोसमात तरुण मुलांवर विश्वास टाकून चौथे स्थान मिळवणे हे त्यांचे स्वतःचे काम होते. दुसरी नोंद त्यांच्या विरुद्ध जाते. अंतिम सामन्यातल्या तिघांच्या बचावफळीत अँटोनियो रुडिगर आणि सेझार अझ्पिलिक्वेटा होते, आणि त्या मोसमात लॅम्पार्ड यांनी दोघांनाही बराच काळ बाहेर बसवले होते. मॅनेजरने स्वतः अडवून ठेवलेली गोष्ट त्याच्या जाण्यानंतर सुटली, तर त्या सुधारणेचे श्रेय त्याला देता येणार नाही, मग तो खेळाडू त्याच्या संघातला का असेना.

बायर्न म्युनिकच्या निको कोवाच यांचा हिशेबही असाच दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो. 2 नोव्हेंबर 2019 रोजी फ्रँकफर्टकडून 5-1 असा पराभव झाल्यावर ते गेले, त्यांचे सहायक हान्सी फ्लिक यांनी सूत्रे घेतली आणि त्याच मोसमात तीन मोठे चषक जिंकले. लेफ्ट-बॅक (डाव्या कडेचा बचावपटू) म्हणून चमकलेल्या अल्फोन्सो डेव्हिसला त्या जागी खेळवण्याची सुरुवात कोवाच यांच्या शेवटच्या दिवसांत झाली होती. पण थॉमस म्युलरला त्यांनी सामन्यामागून सामने बाकावर बसवले होते, आणि फ्लिक यांच्या हाताखाली त्याच म्युलरने बुंडेस्लिगात, म्हणजे जर्मनीच्या लीगमध्ये, एका मोसमात 21 गोलांना साहाय्य केले.

आता ज्यांना काहीच जमा होत नाही त्यांच्याविषयी. ब्रायन क्लफ 1974 मध्ये लीड्स युनायटेडला गेले आणि 44 दिवसांत त्यांना काढण्यात आले. जिमी आर्मफिल्ड आले आणि 1975 च्या मे महिन्यात लीड्स युरोपियन कपच्या (आजच्या चॅम्पियन्स लीगच्या) अंतिम सामन्यात पोहोचले. क्लफ हे फार मोठे मॅनेजर होते, पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्टला त्यांनी दोनदा युरोपचे विजेतेपद मिळवून दिले, पण लीड्सच्या त्या वाटचालीचे श्रेय त्यांना देणे म्हणजे मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणण्यासारखे आहे. तो संघ क्लफ यांच्या आधीचे मॅनेजर डॉन रेव्ही यांनी अनेक वर्षे खपून घडवला होता आणि आर्मफिल्ड यांनी त्याची विस्कटलेली घडी पुन्हा बसवली. केवळ आधीच्या खुर्चीत बसलेले असणे हा श्रेयाचा आधार होऊ शकत नाही.

याहून अवघड भाग असा की पुष्कळदा सुधारणेचे श्रेय कोणालाच द्यायचे नसते. मॅनेजरला काढले जाते ते संघ सर्वांत खालच्या टोकाला असताना, आणि त्या टोकाला संघ जातो तेव्हा त्यात वाईट खेळाबरोबर वाईट नशीबही असते : दोन मुख्य खेळाडू जखमी, तीन सामने बलाढ्य संघांविरुद्ध, दोनदा चेंडू खांबाला लागून बाहेर. नशीब सरासरीकडे परत येतेच, आणि ते नेमके नवा माणूस आल्यावर येते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. डच अर्थतज्ज्ञ बास तेर वेल यांनी नेदरलँड्सच्या पहिल्या श्रेणीतील 1986 ते 2004 या काळातले मॅनेजर-बदल अभ्यासले, आणि ज्या संघांची तशीच घसरण झाली होती पण ज्यांनी मॅनेजर बदलला नाही त्यांच्याशी तुलना केली. बदल न करणारे संघही तसेच सावरले होते. नव्याचे नऊ दिवस ज्याला आपण म्हणतो, त्यांतले किती दिवस नव्या मॅनेजरमुळे असतात हे म्हणूनच तपासून पाहावे लागते. पहिल्या सहा-आठ सामन्यांतल्या सुधारणेवरून जुन्याला दोष किंवा नव्याला मान देण्याची घाई करू नये, अशी माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे. खेळाडूंची निवड, संघाची रचना, शारीरिक तयारी, अकादमीतून वर आलेली मुले, या गोष्टी दोन मोसम दिसत राहिल्या तरच त्या कोणाच्या म्हणून मोजाव्यात.

आता माझी मागणी. मॅनेजर जाईल त्या दिवशी, नवा माणूस येण्यापूर्वी, क्लबने एक हस्तांतर-नोंद लिहावी. ती संचालकांनी लिहू नये, कारण नुकताच ज्याला काढला त्याच्याविषयी संचालकांच्या मनात निर्मळपणा राहणे कठीण असते. ती क्रीडा संचालक, संघाचे डॉक्टर आणि अकादमीचे प्रमुख यांनी मिळून लिहावी आणि जाणाऱ्या मॅनेजरला तिच्यावर आपले म्हणणे मांडू द्यावे. खेळाडू कोणाच्या सांगण्यावरून आले, कोण जखमी आहे आणि केव्हा परतणार आहे, कोणती मुले पहिल्या संघाच्या उंबरठ्यावर आहेत, कोणते व्यवहार अर्धवट आहेत, कोण खेळाडू मॅनेजरशी पटत नसल्यामुळे बाहेर आहे, हे सगळे त्यात असावे. नुकसानभरपाईची बोलणी आणि गोपनीयतेच्या अटी यांमुळे ही नोंद लगेच जाहीर करता येणार नाही हे मी समजू शकतो, म्हणून ती मोहोरबंद ठेवून दोन मोसमांनंतर प्रसिद्ध करावी. पैशांचा किंवा वैयक्तिक वर्तनाचा एकही शब्द तिच्यात नसला तरी चालेल.

या नोंदीचा उपयोग उलट्या दिशेनेही होईल. संघ सुधारण्याऐवजी आणखी घसरला, तर नव्या मॅनेजरच्या माथी खापर फोडण्यापूर्वी त्याच्या हाती पहिल्या दिवशी काय आले होते ते सर्वांना पाहता येईल. आणि नव्या मॅनेजरला पहिल्या सकाळी ती वाचायला मिळाली, तर पहिल्या महिन्यातले कितीतरी चाचपडणे वाचेल. टुखेल यांनी पहिल्याच सामन्यात माऊंटला बाहेर ठेवले होते, हे इथे आठवते.

दुसरी मागणी लहान आहे. प्रीमियर लीग जिंकणाऱ्या क्लबला 40 पदके मिळतात आणि ती खेळाडू, मॅनेजर व कर्मचारी यांच्यात वाटली जातात. ज्या क्लबच्या नोंदीत आधीच्या मॅनेजरच्या नावे विजेत्या संघातले नऊ खेळाडू निघतील, त्या क्लबने त्या चाळिसांतले एक पदक त्याच्या घरी पाठवावे, आणि सोबतच्या पत्रात आभाराच्या नेहमीच्या दोन ओळींऐवजी त्या नऊ जणांची नावे लिहावीत.

कळावे,

आपला नम्र,
एक फुटबॉलप्रेमी